हात मामंजींचे होते

त्या साली आभाळ बिनकामाच्या पाहुण्यासारखं वागत होतं. सकाळी यायचं, वीटभट्टीवर बूड टेकायचं, कुणाशी बोलायचं नाही आणि दिवस मावळेपर्यंत हलायचं नाही. पाऊस पडला असता तर निदान चार शिव्या देऊन मोकळं होता आलं असतं. तोही पडत नव्हता. आणि खाली आवारभर कच्च्या विटा उघड्या पडलेल्या. कच्च्या विटेवर पाऊस पडला की तिचा पुन्हा चिखल होतो. तसं पाहिलं तर वीट म्हणजे चिखलच, मधे थोडे दिवस मान मिळालेला.

भट्टी दोघा भावांची. थोरला बोलायचा, धाकटा थापायचा. वाटणी इतकी सरळ होती की त्यावरून कधी भांडण झालं नाही. भांडणं बायकांच्या वाट्याला दिली होती. थोरल्याची बायको, तिला सगळे थोरलीच म्हणत, घमेली मोजायची. धाकट्याची बायको, म्हणजे धाकटी, ती वाहायची.

धाकटीला एक मुलगी. तिला घरात फौजदार म्हणत. दहा वर्षांची. बोलायची नाही, पण वाकडं काही खपवून घ्यायची नाही. वाळत घातलेल्या विटांच्या रांगेत एखादी बोटभर पुढे आली, की तिथे बसकण मारून असा गळा काढायची की गवतातली कुत्री उठून जात. वीट सरळ केली की गप्प. तिच्याकडे एकच शब्द होता, "उद्या". थोरला दिवसभर फोनवर गिऱ्हाइकांना तेवढंच सांगायचा. पोरीला वाटलं असावं, बोलणं म्हणजे हेच.

फौजदार तीन वर्षांची असताना भट्टीच्या माथ्यावर चढली होती. वरची राख थंड दिसते, खाली विस्तव असतो. उजव्या पायाचा तळवा सोलून निघाला. तेव्हापासून धाकटी कामावर असली की पोरीच्या कमरेला दोर आणि दोराचं दुसरं टोक दारातल्या झाडाला. गाठ सासरा मारायचा. पोरगी दोराच्या लांबीएवढं गोल फिरायची, आणि झाडाभोवती जमीन खोल गेली होती.

मग तिला अशा मुलांच्या शाळेत जागा मिळाली. दारात व्हॅन यायला लागली. व्हॅनमधली मावशी पोरीला हात लावायची नाही, फक्त दाराची पायरी पुसून सरळ करायची, आणि फौजदार आपण होऊन चढायची. धाकटीनं दोर झाडावरून काढला आणि दोन खांबांना बांधून त्यावर कपडे वाळत घालायला लागली. चांगला दोर होता. वाया घालवायला जीव होत नव्हता.

मग साथ आली, शाळेला कुलूप लागलं, आणि शाळा फोनमध्ये शिरली.

*

फोन धाकट्याचा होता, काचेला तडा गेलेला. धाकटीनं तो एका पक्क्या विटेला टेकवून तिरका उभा केला. तिरकं फौजदाराला चालत नव्हतं. तिनं तो आडवा पाडला आणि पाटाच्या कडेशी नीट समांतर लावला.

"ताई, मला नुसते ढग दिसतायत," फोनमधून बाई म्हणाल्या.

"आम्हालाही तेच दिसतायत बाई," धाकटी म्हणाली.

बाई तरुण होत्या. त्यांच्या मागे कुणाचं तरी मूल रडत होतं आणि त्या हसत होत्या. हसणं नोकरीत होतं, रडणं घरचं. त्या म्हणाल्या, "तिच्यासोबत एक मोठं माणूस रोज तासभर बसलंच पाहिजे. आम्ही इथून हात धरू शकत नाही ना."

थोरली घमेली मोजत दारावरून गेली आणि मुद्दाम परत आली.

"बसलीस का शाळेत? कितवीत आहेस?"

"तिच्यासोबत बसावं लागतं, जाऊबाई."

"आम्ही शाळेत गेलो तेव्हा आमच्यासोबत कोण बसलं होतं?"

"तुम्ही शाळेत गेला होतात?"

हे वाक्य धाकटीला दिवसभर महागात पडलं. थोरलीनं तिच्या घमेल्यात विटांच्या चिखलाचा गारा असा भरला की मानेची शीर दुपारपर्यंत दोरीसारखी ताठ झाली. गारा कमी पडत नव्हता, आणि थोरलीच्या मनातलाही संपत नव्हता.

दुपारी जेवताना थोरला बोलला. तो भाकरीकडे बघून बोलायचा, त्यामुळे भाकरीनंच काहीतरी केलंय असं वाटायचं.

"सकाळचा तास म्हणजे थापण्याचा तास. आभाळ हे असं. एक माणूस बसलं की एक रांग गेली."

"पोरगी एकटी बसत नाही, दादा," धाकटा म्हणाला.

"बाबा आहेत की रिकामे. त्यांना बसव."

बाबा म्हणजे सासरा. आयुष्यभर थापून त्याचे गुडघे गेले होते आणि विटेची धूळ छातीत राहायला आली होती. आता त्याला दोनच कामं होती, खोकणं आणि भट्टी राखणं. दोन्ही तो बाजेवर बसून करायचा. ऐकू निम्मंच यायचं, आणि ते निम्मं कुठलं हे तो स्वतः ठरवायचा.

"मामंजी, बसाल का फौजदारासोबत?" धाकटीनं त्याच्या कानाशी जाऊन विचारलं.

"शिकवणार कोण?"

"बाई आहेत फोनमध्ये."

"दिसायला कशा आहेत?"

"म्हातारे झालात," थोरली म्हणाली.

"म्हणूनच विचारतोय," सासरा म्हणाला. "डोळे गेल्यावर विचारून काय उपयोग?"

*

अशा रीतीनं सासरा शाळेत गेला.

"लाल झाकण दाखवा," बाई म्हणायच्या. सासरा लाल झाकण उचलायचा.

"आजोबा, तुम्ही नाही. तिनं उचलायचं."

"तिला येत नाही."

"म्हणूनच शाळा आहे ना."

"मग शाळेनं उचलावं. मी फोन धरतो."

फौजदार तेवढ्यात उठून विटांकडे जायची, आणि धाकटी गाऱ्याचे हात तसेच घेऊन तिला परत आणायची. पोरीच्या फ्रॉकवर आईच्या बोटांचे ठसे वाळत. मधेच थोरल्याला शोधत गिऱ्हाइकाचा फोन यायचा, शाळा अर्धवट बंद पडायची, आणि सासरा गिऱ्हाइकालाच विचारायचा, "लाल झाकण कुठंय, बघा बरं."

पंधरवडा असा गेला. मग एक दिवस तास संपल्यावर बाईंनी धाकटीला थांबवून घेतलं.

"ताई, वाईट वाटून घेऊ नका. वरून आलंय. ज्या मुलांचा प्रतिसाद दिसत नाही, त्यांच्या जागी दुसरी मुलं घेणार. महिनाअखेरीला मोठ्या बाई सगळ्यांचे तास पाहतील."

"पण बाई, ती तिथे यायची तेव्हा बसायची. चमचा धरायला लागली होती. फोनमध्ये तिला तुम्ही माणूस वाटत नाही."

"मला पण कधीकधी वाटत नाही," बाई म्हणाल्या आणि लगेच हसल्या. "काहीतरी करून दाखवा, ताई. थोडं जरी."

धाकटीनं ते घरी सांगितलं. थोरला भाकरीला म्हणाला, "जागा गेली तर गेली. दोर आहे."

"दोर नाही," धाकटी म्हणाली.

"तो काय, त्यावर तुझं लुगडं वाळतंय."

"दोर नाही बांधायचा, भाऊजी."

"मग तू बस तिच्याशेजारी झाड होऊन. पानं फुटली की सांग."

थोरली हसली. धाकटा जेवत होता. त्याच्या बोटांच्या बेचक्यांत वाळलेला गारा होता आणि तो घासाबरोबर थोडा थोडा पोटात जात होता. बोलायचं झालं तर तो कामाबद्दलच बोलायचा. त्या दिवशी हात धुताना बायकोला म्हणाला, "गाडी भरतो तशी शाळा भरू."

गाडी भरायची रीत अशी. बाहेरची फळी पक्क्या, लाल, खणखणीत विटांची. आतल्या पोटात कच्च्या, जळालेल्या, कोपरे उडालेल्या. कोपरा उडालेली अगदी कडेला आलीच तर तिचं तोंड आत. गिऱ्हाईक भोवती एक फेरी मारतं, एखादी वीट दुसरीवर वाजवून बघतं आणि मान हलवतं. या भट्टीवरची गाडी आजवर परत आली नव्हती.

धाकटी नवऱ्याकडे बघत राहिली. एवढं लांबलचक तो लग्नातही बोलला नव्हता.

*

दुसऱ्या दिवशी दारात पोत्याचा पडदा लागला. पडद्याला भोक. पडद्याअलीकडे फौजदार, पलीकडे स्टुलावर सासरा. पोरीला थोरलीच्या लग्न होऊन गेलेल्या मुलीचा जुना ढगळ झगा घातला. पोरीचे स्वतःचे हात झग्याच्या आत, आणि त्या हातांत एक सरळ, चौकोनी विटेचा तुकडा, म्हणजे ती गप्प राहील. पडद्याच्या भोकातून, तिच्या बगलांखालून, झग्याच्या बाह्यांमधून बाहेर आले ते सासऱ्याचे हात. वय झाल्यावर माणूस सगळीकडून वाळतो. त्याचे हात वाळून नातीएवढेच झाले होते. वर धाकटीनं त्यांत पोरीच्या प्लास्टिकच्या बांगड्या चढवल्या, साबण लावून, नेटानं.

"बाप रे," थोरली दारातून म्हणाली. "मामंजींना बांगड्या भरल्या."

"तुलाही भरल्या होत्या ना कुणीतरी," सासरा पडद्याआडून म्हणाला. "काही उपयोग झाला का?"

फोन या वेळी खांबाला सरळ बांधला होता. बाई आल्या.

"लाल झाकण दाखव बाळा."

पोरीच्या बाह्यांतून दोन हात निघाले, चाचपडले, धाकटीनं बाजूनं लाथेनं झाकण सरकवलं, हातांनी ते उचललं.

 बाईंच्या मागचं मूलसुद्धा रडायचं थांबलं.

"ताई, तुम्ही पाहिलंत?"

"पाहिलं," धाकटी म्हणाली. पायाचा अंगठा ठणकत होता.

त्या दिवसापासून शाळा जोरात चालली. हातांनी मणी ओवले, बटणं लावली, टाळ्या वाजवल्या. खोकला आला की धाकटी पोरीच्या पाठीवर थापट्या मारायची आणि सासरा मागे खोकायचा.

"आवाज घोगरा झालाय हिचा," बाई म्हणायच्या.

"धूळ असते बाई."

"आणि हात वयाच्या मानानं जून वाटतात."

"कामाचं घर आहे."

"नखं तेवढी कापा."

मग धाकटी सासऱ्याची नखं कापायला बसली. थोरली शेजारून जाताना म्हणाली, "सासूबाई गेल्यापासून मामंजींची नखं कुणी कापली नव्हती. शाळेचं नशीब."

एक गोष्ट मात्र कुणी ठरवली नव्हती. फौजदार पळून जाईनाशी झाली. आपल्या बाह्यांतून निघालेले दोन हात समोर कामं करतायत, हे तिला पटलं असावं. ती त्यांच्याकडे बघत राहायची. मणी ओवताना बघायची, बटण भोकातून जाताना बघायची. दोरीची गाठ शिकवायचा दिवस आला, तेव्हा तर तोंड उघडं टाकून.

"नजर किती स्थिर झालीय," बाई म्हणाल्या.

गाठ बाईंनी दाखवली ती फुलासारखी होती. सासऱ्यानं आयुष्यभर गाड्या बांधल्या होत्या. त्यानं मारली ती गाडीची, दोन वेढ्यांची, उलट्या फासाची.

"अरे वा, हिनं वेगळीच मारली," बाई म्हणाल्या. "आता सोड बघू बाळा."

सोडताना पडद्यामागून शिव्या ऐकू आल्या. गाड्या तो बांधायचा, सोडायचं गिऱ्हाईक. बराच वेळ झटापट झाली. शेवटी चुकून एक बोट बरोबर ठिकाणी गेलं आणि गाठ सुटली. बाईंनी डोळे पुसले.

*

महिना संपला. धाकटी गारा तुडवत होती, पोटऱ्यांपर्यंत आत. फोन धाकट्यानं तिच्या कानाला लावून धरला.

"अभिनंदन ताई," बाई म्हणाल्या. "मोठ्या बाईंनी तास पाहिले. त्यांना इतका आनंद झालाय म्हणून सांगू."

"मग जागा राहिली?"

"जागेची आता गरजच नाही तिला. ती गावच्या साध्या शाळेत बसू शकते. तिची जागा आपण जास्त गरज असलेल्या मुलाला देतोय."

धाकटीचे पाय गाऱ्यात थांबले. थांबले की गारा पाय धरतो.

गावच्या साध्या शाळेत फौजदार एकदा गेली होती. तिथले बाक वाकडे होते. तिनं ते सरळ करायला घेतले, मुलं वर बसलेली असताना. मास्तर दुपारी स्वतः तिला सोडायला आले आणि म्हणाले, "हिला तरी ठेवा, नाहीतर मला तरी."

"बाई," धाकटी म्हणाली, "ते हात मामंजींचे होते."

"काय म्हणालात?"

"झाकण मामंजींनी उचललं. मणी मामंजींनी ओवले. पोरीचे हात आत होते. तिला काही येत नाही बाई, देवाशपथ."

फोन बंद पडला की काय म्हणून धाकट्यानं तो स्वतःच्या कानाला लावून पाहिला आणि परत बायकोच्या कानाला लावला.

"ताई," बाईंचं हसणं कुठेतरी ठेवून दिलेलं होतं. "असे फोन मला रोज येतात. जागा राहते तोवर मूल सुधारतं. जागा गेली की सगळ्यांची मुलं एकदम बिघडतात. कुणाचं बोलणं जातं, कुणाची नजर जाते. आजोबांचे हात मात्र आजवर कुणी काढले नव्हते."

"खरंच सांगतेय."

"आधी खोटं सांगत होता की आता?"

"आधी."

"उद्या सकाळी मोठ्या बाई स्वतः बघतील. तिला जमलं नाही तर जागा राहील. एवढंच करू शकते मी."

धाकटीनं गाऱ्यातून पाय उपसला. तो आवाज ऐकून थोरलीनं विचारलं, "पास झाली का पोरगी?"

"झाली."

"मग रडतेस कशाला?"

"आनंदानं," धाकटी म्हणाली आणि फावडं उचललं. थोरली दोन पावलं मागे सरकली.

*

सकाळी आभाळ खाली उतरलं होतं. भट्टीचा धूर वर जाईना, जमिनीवरच लोळत होता. वारा पडलेला. थोरला ताडपत्र्या ओढून काढत होता आणि प्रत्येक ताडपत्रीबरोबर एकेकाला नावं ठेवत होता.

"ये गं, कड धर."

"तास आहे," धाकटी म्हणाली.

"जागा गेली ना?"

"आज परीक्षा आहे. नापास झाली तर राहील."

थोरला ताडपत्री हातात धरून उभा राहिला. त्याला हे वाक्य कुठून पकडावं कळेना.

पडदा काढला. फौजदार पाटासमोर, हात बाहेर. धाकटी तिच्यासमोर उकिडवी बसली.

"हे बघ बयो. काही करायचं नाही. रोज करत नाहीस ना, तसंच. बाई काही म्हणोत."

"उद्या," फौजदार म्हणाली.

"उद्यासुद्धा नाही."

सासरा शेजारी बाजेवर बसला, हातांत बांगड्या तशाच. त्या निघेनात. साबण लावला, तेल लावलं. जाताना गेल्या होत्या, येताना हाताचा पंजा आड येत होता.

फोनमध्ये मोठ्या बाई आल्या. चष्मा, मागे कपाट, कपाटावर चषक.

"आजोबांनी बांगड्या का घातल्यात?"

"पुरावा आहे," सासरा म्हणाला.

"कशाचा?"

"शिकलोय त्याचा. मणी ओवून दाखवू?"

मोठ्या बाई लहान बाईंकडे वळून काहीतरी बोलल्या. आवाज बंद होता, तोंडं हलत होती. मग आवाज आला.

"दोरीची गाठ. तिनं एकटीनं सोडायची. कुणी हात लावायचा नाही."

धाकटीचा जीव भांड्यात पडला. झाकण कदाचित धक्क्यानं उचललं गेलं असतं. गाठ शक्य नव्हती. तिनं पाटाला दोरीचा तुकडा गुंडाळला. सासरा म्हणाला, "माझी मार, गाडीची. ती कुणाला सुटत नाही." धाकटीनं त्याच्याकडून तीच मारून घेतली, दोन वेढे, उलटा फास. मग सगळे मागे सरकले.

फौजदारानं गाठीकडे पाहिलं. मान एका बाजूला केली, मग दुसऱ्या. बाहेर थोरला ओरडत होता. पत्र्यावर एक थेंब वाजला. पोरीनं स्वतःचे दोन्ही हात वर धरले आणि जरा वेळ त्यांच्याकडेच पाहिलं, कुणाचे आहेत ते ठरवत असल्यासारखं. मग डाव्या हाताचं बोट फासाखाली घातलं, म्हाताऱ्याचं चुकून गेलं होतं नेमकं तिथं, वेढा मागे ढकलला, आणि दोरी सुटून पाटावर पडली. तिनं ती सरळ केली. पाटाच्या कडेशी समांतर.

बाई टाळ्या वाजवत होत्या.

आयुष्यात पहिल्यांदा पोरीनं सांगितलेलं काम आपल्या हातानं केलं होतं. धाकटीनं तिची बोटं धरली, उलटी केली, सुलटी केली. लहान होती, मळकी होती, तिचीच होती. धाकटीच्या तोंडून निघालं ते एवढंच, "मेले, आजच?"

"आता शंकेला जागाच नाही," मोठ्या बाई म्हणाल्या. "आणि ताई, इतक्या हुशार मुलीला तुम्ही मंद ठरवायला निघाला होतात, याचा विचार करा." चषक दिसला, कपाट दिसलं, मग काळी काच.

*

पाऊस टपोरा सुरू झाला. कच्च्या विटेवर टपोरा थेंब पडला की तिथे देवीच्या व्रणासारखा खड्डा पडतो, मग दुसरा, मग विटेचा चेहरा ओळखू येत नाही.

थोरला दारात आला. त्यानं एका हिसक्यात दोर खांबांवरून काढला. कपडे चिखलात पडले. दोर त्यानं बापाच्या मांडीवर टाकला.

"बांधा तिला. ताडपत्र्यांना सगळे लागणारेत."

"ती सोडते," धाकटी म्हणाली. "आत्ताच सोडली."

"बाबांनी ओढून मारली तर कुणाच्या बापाला सुटत नाही. आणि सुटली तर उद्या तार आणतो. तार बोटांनी सुटत नसते."

"भाऊजी, तिच्या अंगाला तार लावाल?"

"मग भट्टीत जाऊ दे?"

तेवढ्यात पलीकडून धाकट्याची हाक आली. वारा उठला होता आणि ताडपत्री त्याला फरफटत नेत होती. मागे तो चिखलात दोन चर काढत चालला होता. हाक मारायची त्याला सवय नव्हती, त्यामुळे ती जनावरासारखी आली. धाकटी धावली. वळून पाहिलं तेव्हा सासरा नातीच्या कमरेला वेढे घेत होता आणि नात त्याच्या हातांकडे बघत होती.

पावसानं कुणाला बोलू दिलं नाही. चौघांनी ताडपत्र्या ओढल्या, कडांवर विटा ठेवल्या, विटा घसरल्या, म्हणून कडांवर माणसं बसली. थोरली एका कोपऱ्यावर पालथी पडली होती आणि पावसाला बापावरून शिव्या देत होती. धाकटीच्या गुडघ्याखाली विटा मऊ होत गेल्या, रांगच्या रांग, तोंडातल्या साखरेसारखी. निम्म्या वाचल्या. निम्म्यांचा मान संपला.

पाऊस थांबल्यावर ते परत आले, पायाला मणाचा चिखल.

बाज सरळ केलेली होती, भिंतीशी अगदी समांतर. पडलेले कपडे दारात एका रांगेत मांडले होते. पत्र्याखाली, सासऱ्याच्या रोजच्या जागी, फौजदार कोरडी बसली होती. आणि झाडाला सासरा बांधलेला होता. दोन वेढे, उलटा फास, गाठ पाठीमागे. तो नखशिखांत भिजला होता आणि बांगड्यांवरून पाणी टपकत होतं.

"शिकली," तो म्हणाला.

"बाबा, तुम्ही बांधू कसं दिलंत?" थोरला ओरडला.

"आधी वाटलं, खेळतेय. मग म्हटलं, चुकली की सांगू." तो खोकला. "चुकलीच नाही."

थोरला गाठीला भिडला. दोर पाण्यानं फुगला होता. त्यानं नखं लावली, दात लावले.

"कुठून सुटते ही?"

"मला काय माहीत. मी बांधणारा."

"विळा आण गं," थोरला बायकोला म्हणाला.

विळा धाकटीनं आधीच उचलला होता. तिनं तो बाजेवर ठेवला आणि त्यावर पोतं टाकून वर बसली.

"दोर कापायचा नाही. चांगला दोर आहे."

"अगं, म्हातारं कुडकुडतंय."

धाकटीनं पोतं काढून सासऱ्याच्या खांद्यावर टाकलं आणि विळ्यावर तशीच बसली. "सोडायची तिनं एकटीनं, कुणी हात लावायचा नाही. मोठ्या बाईंनी सांगितलंय. हुशार आहे ती." मग लेकीला म्हणाली, "सोडतेस का गं?"

फौजदारानं आजोबाकडे पाहिलं, झाडाकडे पाहिलं. सगळं सरळ होतं.

"उद्या," ती म्हणाली.

"ऐकलंत?" धाकटी म्हणाली. "आणि तार आणणार होतात ना, भाऊजी? आणा. तिच्यासमोर बांधून दाखवा एकदा. ती बघून शिकते."

 थोरला आपल्या मनगटांकडे बघत होता.